चालकाशी बोलू नये

"इथे 'पत्नी' लिहिलंय तुम्ही, तेवढं खोडा," खिडकीमागची अधिकारीण म्हणाली आणि नाक पुसायला तिनं मान वळवली. तिला सर्दी झाली होती. दुकानाचा भाडेकरार दोघांच्या नावावर करून घ्यायला आलेलं जोडपं समोर उभं होतं आणि तिच्या आवाजात राग नव्हता, कीव नव्हती, नुसतं चोंदलेलं नाक होतं. पोहायच्या तलावावर सगळे जिला कोचबाई म्हणतात आणि घरी नवराही चेष्टेनं तेच म्हणतो, ती ही बायको. आपणही तेच म्हणू. कोचबाई खोल पाण्याला घाबरत नाही, पण सरकारी खिडक्यांना घाबरते. तिनं मुकाट्यानं पेन उचललं, तो शब्द खोडला, आणि खोडून झाल्यावर मग तिला विचारायचं सुचलं, "का हो?"

"कारण तुमचं लग्न झालेलं नाही."

शेजारचा नवरा हसला. तो जुनं फर्निचर दुरुस्त करतो, सगळा रस्ता त्याला मिस्त्री म्हणतो. "अहो बाई, आमची मुलगी चौथीत आहे," तो म्हणाला.

"मुलीला काही होत नाही. मूल कायदेशीरच धरतात. घोळ तुमच्या दोघांचा आहे." तिनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोटानं तारखा दाखवल्या. "कोर्टानं घटस्फोट दिला म्हणजे त्याच दिवशी लग्न संपलं असं नसतं. अपिलाची मुदत असते, तोवर थांबायचं असतं. तुम्ही थांबला नाहीत. आणि यांच्या पहिल्या पत्नीनं तर मुदतीत अपील केलंही होतं. नंतर मागे घेतलंय. पण तुम्ही हिच्याशी लग्न केलंत त्या दिवशी तुमचं पहिलं लग्न जिवंत होतं."

"अपील? मला नोटीसच नाही आली," मिस्त्री म्हणाला. त्याचं हसू अजून तोंडावरच होतं, काढून ठेवायला विसरला होता तो.

"यायच्या आधीच मागे घेतलं असेल. आता तुम्ही दोघंही मोकळे आहात, उद्या लग्न करा, कोणी अडवणार नाही. पण आधी जे केलंत तो गुन्हा होतो. तुरुंगसुद्धा होऊ शकतो. तक्रार करायची की नाही ते पहिल्या पत्नीच्या हातात. तिच्याकडून 'माझी तक्रार नाही' असं सहीनिशी आणा, म्हणजे माझ्याही मागची कटकट जाईल."

"मग आत्ता इथे काय लिहू?" कोचबाईनं विचारलं. पेन तिच्या हातात तसंच होतं.

"लिहा काहीतरी. 'सोबत राहणारी' लिहा."

आणि कोचबाईनं वळणदार अक्षरात तसं लिहिलंही.

आता ती बसमध्ये बसली होती, चालकाच्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर, आणि समोरच्या पाटीकडे बघत होती. चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये. पाटीवरचा 'नये' अर्धा पुसला गेला होता, पण पाटीचा अधिकार काही कमी झाला नव्हता. पाटीच्या पलीकडे एक मान होती, मानेवर आखूड कापलेले, मधूनमधून पांढरे झालेले केस होते, निळ्या गणवेशाची कॉलर होती. तीच ती. मिस्त्रीची पहिली बायको. पुढच्या दारानं चढताना कोचबाईनं तिकिटाचे पैसे तिच्याच हातात दिले होते, तिकीट तिच्याच हातून घेतलं होतं, आणि रस्ताभर घोकलेलं वाक्य तोंडातून फुटायच्या आत ड्रायव्हरबाई म्हणाली होती, "पुढे सरका, मागच्यांना येऊ द्या." झालं. कोचबाई पुढे सरकली. शेवटच्या थांब्यापर्यंत आता बोलायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं बरंच वाटलं. या माणसाशी काय बोलायचं असतं? नमस्कार, मी तुमच्या नवऱ्याची बायको नाही, असं? मिस्त्री आला असता तर गोष्ट वेगळी होती. पण मिस्त्रीची पाचावर धारण बसली होती. "मी गेलो तर ती बिथरेल. तू जा. आपल्याच रस्त्यावरची बस चालवते ती. तुझं बोलणं गोड आहे," असं म्हणून तो रंध्याची पाती घासायला लागला होता, आणि पाती आधीच धारदार होती. मुलगी दाराआडून सगळं ऐकत होती. तिला एवढंच कळलं की आईबाबांचं लग्न व्हायचंय, आणि ती टाळ्या पिटत बाहेर आली. "म्हणजे मी तुमच्या लग्नाला येणार! वर्गात कोणीच गेलेलं नाही आईबाबांच्या लग्नाला." त्यावर दोघं हसले होते. तेवढंच काय ते हसू त्या आठवड्यात घरात झालं.

बस वळली, आणि वळली हे कोचबाईला खिडकीतून कळलं, अंगाला कळलं नाही. तिनं दचकून पाहिलं. इतकी वर्षं ती माणसांची अंगं बघत आली होती. तलावावर तिच्याकडे मोठी माणसं शिकायला येतात, लहानपणी राहून गेलेली, निवृत्त झालेली, डॉक्टरांनी पाठवलेली, आणि तोंडानं ती माणसं काहीही बोलली तरी भीती खांद्यांत बसलेली असते. खांदे कानांकडे चढतात, मान आत जाते, हाताच्या मुठी वळतात. खांदे खाली आले की माणूस तरंगतो, बाकी सगळं नंतर. आणि हिचे खांदे! एवढं मोठं धूड वळवताना ते जागचे हलले नाहीत. तळहाताच्या उंचवट्यानं ती चाक फिरवत होती, सावकाश, पोळी लाटताना लाटणं आपसूक फिरावं तसं, आणि वळण संपलं की हात सैल सोडत होती, चाक आपलं आपण सरळ होत होतं. थांब्यावर एक म्हातारा चढला. काठी, पिशवी, खिशातून सुट्टे काढायचे, पडलेलं नाणं शोधायचं, असं त्याचं सगळं साग्रसंगीत चाललं होतं. मागून कोणीतरी "चला हो" म्हणालं. ड्रायव्हरबाईनं आरशात बघितलं, पण गाडी हलवली नाही. म्हातारा बाकावर टेकला, पिशवी मांडीवर घेतली, काठी गुडघ्यात धरली, आणि मग कुठे बस निघाली. इतकी अलगद निघाली की म्हाताऱ्याला ती निघाल्याचं दुसऱ्या चौकात कळलं असेल. कोचबाईला वाटलं, ही बाई कोणालाच हिसका देत नाही. आणि लगेच दुसरं वाटलं, मग ही मिस्त्रीला टाकून कशी गेली?

कारण मिस्त्रीला टाकून गेली होती ना ती. हे तर सगळ्याच्या मुळाशी होतं. तलावाकाठची लाकडी बाकं दुरुस्त करायला तो आला होता तेव्हाची गोष्ट. कुजलेल्या फळ्या उचकटून काढताना तो त्यांच्याशी हळूहळू बोलत असे, दुखतंय का विचारावं तसं. कोचबाईला आधी ते हात आवडले, मग ते बोलणं, पण तिचं मन खरं हललं ते त्या दिवशी, जेव्हा चहाचा पेला दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "माझी बायको मला टाकून गेली." एवढंच म्हणाला. पुढे काही नाही. त्या 'टाकून'मध्ये कोचबाईनं आपल्या मनानं किती भरलं! रिकामं घर, थंड चूल, उंबऱ्यावर बसलेला हा माणूस. बुडणाऱ्या माणसाला धरायचं हा तिचा धंदाच होता. तिनं धरलं. पुढच्या सगळ्या वर्षांत जेव्हा जेव्हा तो वैतागवाणा वागला, हट्टाला पेटला, चार चार दिवस तोंड मिटून बसला, तेव्हा तेव्हा ती स्वतःला समजावत आली की टाकलेला माणूस आहे, घाव खोल असतो, आणि समजावता समजावता तिचा जीव त्याच्यावर आणखीच जडला. आता बसच्या काचेला कपाळ लावून ती तो हिशेब पुन्हा मांडू पाहत होती आणि एक गोष्ट कुठे बसत नव्हती. जी बाई टाकून गेली, तिनं अपील का केलं? आणि केलं ते मागे का घेतलं?

तिला त्या घाईचं नवल वाटत होतं. जोड सरसानं चिकटवून शिकंजा आवळला की मिस्त्री त्या खुर्चीला दोन दिवस कोणाला हात लावू देत नाही. गिऱ्हाइकानं कितीही नाकदुऱ्या काढल्या, घरी पाहुणे यायचेत म्हणून सांगितलं, तरी नाही. 'सरस वरून सुकतो, आतून ओला असतो,' हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलंय की मुलगी ते शाळेतल्या प्रार्थनेच्या चालीवर म्हणते. आणि हाच माणूस कोर्टातून धावत तलावावर आला होता, ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचला होता, "सुटलो! महिन्याभरात लग्न करू," म्हणाला होता. वकील थांबा म्हणत होता, हे त्यानंच हसत हसत सांगितलं होतं. "वकील थांबा म्हणाला की समजावं, त्याला अजून एकदा फी हवीय." तीही हसली होती. कायद्याचा सरस कुठे दिसतो डोळ्यांना? शिकंजा काढला, खुर्चीवर बसले दोघं, आणि खुर्चीनं इतकी वर्षं त्यांना तोललंही. ती मोडली नाही म्हणून ती पक्की होती, असं थोडंच असतं.

बस जुन्या बाजाराच्या अरुंद रस्त्याला लागली आणि थांबली. समोर एक टेम्पो अर्धा रस्ता अडवून उभा होता, त्याचा मालक कुठे परागंदा झाला होता कोण जाणे. दुसऱ्या बाजूला आरशांचं दुकान होतं आणि दुकानदारानं मोठे मोठे आरसे बाहेर भिंतीला टेकवून मांडले होते. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. बसमधले दोनतीन पुरुष उठून पुढे आले, कारण अशा वेळी सल्ला द्यायला पुरुषांना उठावंच लागतं. एक म्हणाला जाणार नाही, दुसरा म्हणाला डावीकडून घ्या, तिसरा म्हणाला उतरून बघतो. ड्रायव्हरबाईनं पाटीवर बोटानं टकटक केलं. तिघं गप्प बसले. मग तिनं खिडकीतून हात बाहेर काढून आपल्या बाजूचा आरसा दुमडला आणि बस पुढे घेतली, चालण्यापेक्षाही हळू. दुकानातल्या आरशांत बस दिसायला लागली, तुकड्या तुकड्यांत, चाक, खिडकी, निळी बाही, आणि एका आरशात कोचबाईला स्वतःचा चेहरा दिसला, आणि त्याच्या पुढे ड्रायव्हरबाईचा. दोन बायका, एकामागे एक, एकाच दिशेला तोंड करून. सवत, तिच्या मनात आलं. किती दातओठ खाऊन उच्चारायचा शब्द, आणि ही सवत चक्क हिला गल्लीतून सांभाळून पुढे नेत होती. आणि मुळात सवत कोण होती? त्या दिवसांत कायद्यानं बायको ही पुढची होती. मागची कोणीच नव्हती. आरसे आणि बस यांच्यात हाताचं बोट जाईल एवढीच जागा राहिली असेल. सगळी बस श्वास धरून बसली. मग गल्ली सुटली, मागून म्हाताऱ्यानं काठी आपटून "वा!" म्हटलं, आणि कोचबाईच्या लक्षात आलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलंय. भीतीचं नव्हतं ते. असं काम बघितलं की तिला असंच होतं.

तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि ती आठवण मात्र गोड नव्हती. ही बस त्यांच्या घरावरून आणि मिस्त्रीच्या दुकानावरून जाते. मिस्त्री कधीच या बसनं गेला नाही. पाऊस असो, ऊन असो, मागच्या रस्त्यानं पायी जातो. "चालणं तब्येतीला चांगलं," म्हणतो. शेजारणी तिला म्हणायच्या, नवरा असावा तर असा, आणि तिला अभिमान वाटायचा. ज्याला टाकलं तो तोंड चुकवेल का? तोंड तर टाकणारा चुकवतो. हा विचार तिच्या मनात आला आणि मग जाईना.

शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. पत्र्याची शेड, एक नळ, चहाची टपरी. ड्रायव्हरबाईनं इंजिन बंद केलं, उठून मागपर्यंत गेली, बाकांखाली वाकून वाकून पाहिलं, कोणाचा तरी हातमोजा उचलून पुढच्या काचेपाशी ठेवला, आणि मग कोचबाईसमोर उभी राहिली.

"मघापासून आरशात बघतेय. सगळा रस्ता ड्रायव्हरच्या मानेकडे बघणारं माणूस एक तर प्रेमात पडलेलं असतं नाहीतर काम काढून आलेलं असतं. तुमचं काय?"

"काम आहे," कोचबाई म्हणाली. "मी..."

"तुम्ही कोण ते माहीत आहे मला. बोला. सुट्टी थोडीच असते."

कोचबाईनं सांगितलं. घोकलेलं सगळं विसरून, खिडकी, सर्दी, खोडलेला शब्द, असं आठवेल तसं सांगितलं. ड्रायव्हरबाई पाणी पीत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती एकदम मोठ्यानं हसली.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नाही सुधारला अजून. माझ्या वेळीसुद्धा असंच केलं होतं त्यानं, पत्रिका छापून आल्या तेव्हा माझ्या घरी विचारायचं राहिलं होतं." आणि कोचबाईलाही हसू आवरेना. रिकाम्या बसमध्ये दोघी डोळे पुसत हसल्या. मग ड्रायव्हरबाईनं हात पुढे केला. "द्या तो कागद."

तिनं तो वाचला, चाकावर ठेवला आणि सही केली. घासाघीस नाही, अट नाही, एक टोमणासुद्धा नाही. कागद परत देताना म्हणाली, "तक्रार करायची असती तर तेव्हाच केली असती."

"तेव्हा म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय! अपील माझंच होतं ना. ते चालू असताना कळलं, याचं लग्न झालंसुद्धा. माझी वकिलीणबाई तर खुर्चीतून उठलीच. म्हणाली, आता हुकमाचा पत्ता तुमच्या हातात आलाय. अपील उभं आहे तोवर तो तुमचा नवरा, त्याला आत टाकू. मी विचारलं, आणि ती? म्हणाली, ती कोण? ती कायद्यानं कोणीच नाही." ड्रायव्हरबाईनं बाटलीचं झाकण लावलं. "ते काही मला रुचलं नाही. म्हटलं, बघून तरी यावं, कोण ही 'कोणीच नाही' बाई. तलावावर आले होते मी. वर जाळीपाशी उभी होते."

"जाळीपाशी?" कोचबाईनं विचारलं.

"एक जाडा, टक्कल पडलेला माणूस होता. पाण्यात थरथर कापत होता बिचारा. तू त्याच्या मानेखाली हात धरला होतास आणि म्हणत होतीस, सोडा, मी धरलंय. सोडा, मी धरलंय. आणि मग हात हळूच काढून घेतलास. त्याला कळलंही नाही. तरंगत राहिला आपला, तोंडावर हसू. मी घरी गेले आणि वकिलीणबाईला सांगितलं, मागे घ्या. अपील उभं राहिलं तर पहिल्यांदा ही बुडेल." तुम्हीचं तू कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

"पण मग अपील केलं होतंत कशाला?" कोचबाईनं विचारलं. "त्यांना सोडून तर तुम्हीच गेला होतात."

ड्रायव्हरबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, यानंच कोचबाईला जास्त धडकी भरली.

"असं सांगितलं होय त्यानं. अगं, मी बस चालवायचं शिकायला गेले होते. दुसऱ्या गावी शिबिर होतं. त्यालाही विचारलं होतं, जा म्हणाला. परत आले तर कुलूप बदललेलं, आणि माझी ट्रंक जिन्यात. बसचालक बायको त्याला नको होती, एवढंच. ते तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. कोर्टात सांगितलं, पत्नी स्वखुशीनं घर टाकून गेली. ते निकालात लिहिलं गेलं. मला लग्न परत नको होतं गं. मला तेवढं वाक्य काढून हवं होतं. अपील त्याच्यासाठी होतं." तिनं काचेपाशी ठेवलेला हातमोजा सरळ केला. "नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी तो निकाल वाचला आणि विचारलं, घर टाकून गेलात तशी बस टाकून नाही ना जाणार? मी म्हटलं, बसनं कुलूप बदललं नाही तर नाही जाणार. सगळे हसले, नोकरी मिळाली. ते चाललं. पण आईनंही तो वाचला. कागदावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार, अशी पिढी. जाईपर्यंत तिला वाटत होतं, मीच टाकून आले. शेवटी शेवटीसुद्धा म्हणायची, परत जा, पाय धर त्याचे."

बाहेर नळ गळत होता. या बाईचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे असतात? स्वतःच्या नावावरचा डाग पुसायचा हात तिनं मध्येच थांबवला होता, एका अनोळखी बाईच्या मानेखाली धरायला, आणि तोही असा धरला की इतकी वर्षं कोचबाईला कळलंसुद्धा नाही. ती तरंगत राहिली, तोंडावर हसू. आपल्याहून मोठं माणूस भेटलं की आपण लहान होतो असं म्हणतात, पण कोचबाईला लहान वाटलं नाही. तिला ताठ बसावंसं वाटलं.

"आता ते वाक्य..." ती म्हणाली.

"आता कसलं वाक्य! आई गेली. जाऊ दे. चल, वेळ झाली, परत येतेयस ना? बस."

परतीच्या वाटेवर कोचबाई त्याच बाकावर बसली. रस्ते तेच होते, टेम्पो निघून गेला होता, आरसे आत घेतले होते. तिच्या पर्समध्ये सहीचा कागद होता आणि त्या कागदानं मिस्त्री वाचला होता. उद्या खिडकीवर जायचं, मग लग्न करायचं, मुलगी फुलं घेऊन उभी राहणार. पण आज, या बसमध्ये, ती कोणाची बायको नव्हती. हे तिला खिडकीपाशी ऐकताना तोंडात मारल्यासारखं वाटलं होतं. आता मात्र ती ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहत होती आणि प्रत्येक वेळी तिला थोडा जास्त श्वास घेता येत होता. ज्या टाकलेल्या माणसाशी तिनं लग्न केलं होतं तो माणूस नव्हताच. मग कोण होता? फळ्यांशी हळू बोलणारा होता, तो खोटा नव्हता. मुलीच्या तापात रात्रभर तिचे पाय चोळणारा होता, तोही खोटा नव्हता. आणि जिन्यात ट्रंक ठेवणाराही तोच. तिला त्याचा राग आला, भयंकर आला, आणि रागाच्या आत त्याच्यावरची माया जशीच्या तशी होती, हे तिला कळलं तेव्हा ती मनाशीच हताश हसली. माया होती म्हणूनच प्रश्न होता. नसती तर ती सरळ घरी गेली असती, कुलूप बदललं असतं. पण एवढी वर्षं तिनं त्याला मानेखालून धरलं होतं, आणि तो स्वतःहून तरंगतोय असं दोघांना वाटत राहिलं होतं. या खेपेला लग्न करायचं तर उघड्या डोळ्यांनी, खऱ्या माणसाशी करायचं होतं.

घराजवळच्या थांब्यावर मिस्त्री उभा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो या थांब्यावर उभा होता, पण चालकाची खिडकी दिसणार नाही अशा बेतानं, खांबाच्या आडोशाला. दार उघडलं. कोचबाई उठून दारापाशी आली, पण खाली उतरली नाही.

"काय झालं? तक्रार करणार ती?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"नाही. सही दिली."

मिस्त्रीनं डोळे मिटले. सगळं अंग सैल पडलं त्याचं. "सुटलो! मग उद्याच जाऊ, उद्याच लग्न लावून टाकू. ये खाली."

"तू वर ये."

"कुठे?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत. तिथे तिला थोडी सुट्टी असते. तू कोर्टात जे सांगितलंस ते खोटं होतं, हे आधी तिला सांगायचं, तिच्या तोंडावर. मग कोर्टाला सांगायचं."

तिनं हळू आवाजात सांगितलं, तरी चाकावरचे हात एकदम स्थिर झालेले तिला बाजूला दिसले. मिस्त्री एक पाऊल मागे सरकला. त्यानं नाही म्हटलं नाही, खोटं कसलं असंही विचारलं नाही, आणि तेवढ्यानं कोचबाईला उरलंसुरलं कळलं.

"अगं, कोर्टाला सांगायचं म्हणजे... खोटी साक्ष म्हणून मलाच धरतील. आत्ता कुठे वाचलोय. काय वेड लागलंय? लग्न तर होऊ दे आधी, मग बघू."

"नको. सरस ओला आहे अजून," ती म्हणाली. "आज मी तुझी बायको नाही. उद्या व्हायचं की नाही, ते तिथे ठरेल."

मागे कोणीतरी भोंगा वाजवला. ड्रायव्हरबाईनं पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कोणत्याही प्रवाशाकडे बघावं तसं.

"वर या नाहीतर मागे व्हा," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून बस निघत नाही."

मिस्त्रीनं रस्त्याकडे पाहिलं, ज्या मागच्या रस्त्यानं तो इतकी वर्षं पायी जात होता तिकडे. मग दांडा धरला आणि वर चढला. खिशातून सुट्टे काढताना त्याच्या हातून एक नाणं पडलं, ते त्यानं वाकून शोधलं, आणि ते सापडेपर्यंत, आणि तो बाकावर जाऊन टेकेपर्यंत बस हलली नाही. मग निघाली, इतकी अलगद की कळू नये. त्यानं कोचबाईकडे पाहिलं, पुढच्या मानेकडे पाहिलं, तोंड उघडलं. कोचबाईनं पाटी दाखवली. त्यानं तोंड मिटलं. त्याचे खांदे वर वर चढत कानांपाशी आले होते, पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या माणसाचे येतात तसे, आणि दोन्ही मुठी मांडीवर वळल्या होत्या. सोडा, मी धरलंय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. हातही उठला तिचा, सवयीनं. तिनं तो परत आपल्या मांडीवर ठेवला.